मीटरकडे न बघणारा माणूस

बाहेरगावचे फोन जोडणाऱ्या ट्रंक ऑपरेटरला स्वतःचं नाव नसतं. मी कल्याणच्या बोर्डावर होते म्हणून मी कल्याण. पलीकडून जी बोलायची ती सांगली. कानाला हेडसेट, समोर भोकांची भिंत, आणि दिवसभर "बोल सांगली", "थांब गं कल्याण, पार्टी येतेय", आणि बोलणाऱ्यांना दर कॉलला "तीन मिनिटं झाली, वाढवू?". इतकी वर्षं रोज बोलून एकमेकींचं नाव विचारायचं आम्हाला सुचलं नाही. चेहरा तर दूरच.

लोकांना वाटायचं, आम्ही चोरून ऐकतो. चोरून कशाला? लाइन लागली की नाही हे बघायला ऐकावंच लागायचं. आता एकदा ऐकायला बसलं की मधेच कान काढून घेणं आम्हाला जमायचं नाही, एवढंच. माजिवड्याचे एक जमीनवाले काका तर नात्यातल्या भांडणाचा ट्रंक कॉल लावायचे आणि मध्येच मला विचारायचे, "तूच सांग बाय, कोनाचं चुकलं?"

या ऐकण्यानेच मला वाचवलं. मला सांगलीत नोकरीला असलेल्या एका मुलाचं स्थळ आलेलं. त्याची आई पुण्याची. आमच्या विठ्ठलवाडीच्या घरात पेढे आणायचं चाललेलं. मी सांगलीला विचारलं. ती म्हणाली, "नको करूस गं. परवाच त्याने अर्जंट कॉल लावून आईला विचारलं, पोट बिघडलंय, ताक पिऊ का? मीच मधे बोलणार होते, पी बाबा." मी नकार कळवला. आईने आठवडाभर कारण विचारलं. ताकाचं कारण मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

मग एसटीडी आलं. जिकडेतिकडे पिवळ्या पाट्या, काचेच्या केबिनी, आणि लोक आपापल्या बोटांनी सांगली फिरवायला लागले. आमच्या बोर्डावरचे दिवे लागेनासे झाले. साहेब म्हणाले, प्रगती आहे. आम्ही स्वेटर विणायला घेतले. खरं सांगायचं तर मला त्या यंत्राचा राग आलेला. इतक्या लोकांचं बोलणं आमच्या डोक्यावरून जात होतं आणि आम्हाला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच सांगलीचं लग्न ठरायला आलं. मुलगा तिच्याच गावचा, पण नोकरीमुळे डोंबिवलीत एकटा राहणारा. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "कल्याण, तू सांग गं कसा आहे. घरच्यांना रविवारी उत्तर द्यायचंय." मी काय सांगणार? वर्षभरापूर्वी विचारलं असतं तर त्याच्या आईच्या संधिवातापर्यंत सगळं सांगितलं असतं. आता तो डोंबिवलीच्या बूथवरून थेट घरी बोलत होता. तिने मला वाचवलेलं, आणि तिच्या वेळेला माझे कान रिकामे होते.

तेव्हा म्हटलं, चला, सामान्य माणसासारखं डोळ्यांनी बघू. तो रविवारी सकाळी स्टेशनजवळच्या बूथवर येतो, त्याच्या चष्म्याची दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली आहे, एवढं तिने सांगितलं होतं. मी जाऊन रांगेत उभी राहिले. बूथमध्ये लोक इतके ओरडायचे की बाहेर सगळं ऐकू यायचं, त्या भरवशावर. दोऱ्याचा चष्मा आला, केबिनीत शिरला, आणि त्याने दार नीट लावून घेतलं. आवाज शून्य. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला फोनवर बोलताना नुसतं बघत होते.

बाकी सगळे पैसे मोजणाऱ्या मीटरच्या लाल आकड्यांवर डोळे लावून धापा टाकत बोलायचे. हा मीटरकडे पाठ करून उभा. बोलत कमी होता, ऐकत जास्त. मधेच हसला. बाहेर आला तेव्हा माझ्यामागच्या कोळीणबाईंनी त्याच्यापुढे चिठ्ठी धरली. त्याने त्यांना नंबर फिरवून दिला, रिसीव्हर हातात दिला, दार लावलं आणि ऐकू येऊ नये म्हणून पार रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. आमच्या धंद्यात असला माणूस एक दिवस टिकला नसता.

बाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "काय गो, फोन करतंस का नुसती बघतंस?"

मी तडक एक्स्चेंजवर गेले. सांगलीही ड्युटीवर होती. "कर," मी म्हटलं.

"काय ऐकलंस?"

"काही नाही."

"मग कशावरून?"

"तो मीटरकडे बघत नाही."

लाइन तुटली असं समजून मी कॉर्ड हलवून पाहिली.

त्याला रजा मिळेना म्हणून लग्न डोंबिवलीतच झालं. ती मला ओळखणार कशी? आहेराच्या रांगेतून मी पुढे सरकले. नवरीने बाकीच्यांना दिलं तेच दमलेलं हसू मला दिलं आणि हात जोडले. मी तिच्या कानाशी वाकले आणि ड्युटीवरच्या आवाजात म्हटलं, "तीन मिनिटं झाली, वाढवू?"

तिने माझा हात असा धरला की बांगडी पिचली. "कल्याण!" ती ओरडली. फोटोवाला दचकला. मला खालीवर न्याहाळत ती म्हणाली, "एवढीशी आहेस होय गं तू?" आणि मग भर स्टेजवर, शालू, मुंडावळ्या आणि सासूसकट, हुंदके देत रडायला लागली.

नवरा आमच्याकडे बघत होता. काही न विचारता तो चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.