चार बाटल्या, एकच बियर

अकोल्यातल्या त्या बियरच्या प्रकरणाला आता काही वर्षं झाली, पण त्यातली माणसं अजून माझ्या कानात आपापल्या आवाजात बोलतात. मी तेव्हा शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. आयुष्यात कधी बियर प्यायलो नव्हतो, आजही पीत नाही. आणि नेमका हाच गुन्हा माझ्याकडे तपासाला आला.

सकाळची हजेरी घेत होतो. तेवढ्यात रुग्णालयातून ठाणे अंमलदाराला वर्दी आली की एका शिक्षकाला दिसेनासं झालं आहे, डॉक्टरांना विषारी दारूचा संशय आहे. मी स्वतः गेलो. चाळिशीच्या आतला माणूस, हिवरखेडकडच्या शाळेत गणित शिकवणारा. आदल्या दिवशी मित्राच्या वाढदिवसाला चौघे जण शहराबाहेरच्या एका बारमध्ये जेवायला गेले होते. तिथे नव्यानेच 'क्राफ्ट बियर' ठेवली जात होती. लहान कारखान्यात थोडी थोडी बनवतात, साध्या बियरच्या दुपटीहून महाग असते, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं. मित्रांनी एकेक घोट घेऊन नेहमीचं काहीतरी मागवलं. मास्तरांना मात्र काळी बियर आवडली, त्यांनी तीच घेतली. रात्र बरी गेली. सकाळी उठले तेव्हा डोळ्यांपुढे पांढरं.

मी खाटेजवळ उभा राहिलो तर म्हणाले, "साहेब, तुमी हाये हे समजते. पन धुक्यात उभे असल्यावानी दिसता. माही नजर वापस येईन ना?"

मी डॉक्टरांना खूण केली. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, "वेळेत आणलंय. प्रयत्न करतोय."

आम्ही बारवर गेलो, पंचनामा केला, मास्तरांच्या टेबलावरची बाटली आणि बारमधल्या उरलेल्या बाटल्या सीलबंद करून रासायनिक विश्लेषणासाठी पाठवल्या. बाटल्या चार प्रकारच्या होत्या. गव्हाची, संत्र्याची, कडू आणि काळी. प्रत्येकीवर सुंदर रंगीत लेबल. गुन्हा दाखल करून बारमालकाला ताब्यात घेतलं. गावात बातमी पसरली होती. ठाण्यासमोर माणसं जमू लागली. सगळ्यांना बारमालकाच्या हातात बेड्या पाहायच्या होत्या.

बारमालक मूळचा अमरावतीचा, पन्नाशीचा गृहस्थ. त्याची चौकशी मीच केली. त्याने कबूल केलं की माल परवानाधारक वितरकाकडून घेतलेला नाही. गाडी घेऊन एक माणूस येई, स्वस्तात देई. त्याचा फोन आता बंद होता. नाव खरं की खोटं, हेही बारमालकाला सांगता येईना.

"तुला ठाऊक होतं, आत काय आहे ते," मी म्हणालो.

"नाई साहेब. आना एक बाटली. मी पितो तुमच्यासमोर. आता पितो." बोलता बोलता तो उठून उभा राहिला. हवालदाराने त्याला खाली बसवलं.

चौकशीच्या खोलीत मी खूप माणसं पाहिली. ज्याच्या मनात पाप असतं तो स्वतःच्या सुटकेबद्दल विचारतो. हा माणूस दर थोड्या वेळाने एकच विचारी, "मास्तरले दिसाले लागलं का?" हा बेकायदा माल घेणारा आहे, विष देणारा नाही, हे मी मनात धरलं. पण माझ्या मनाला कोर्टात किंमत नाही. आणि खरी काळजी वेगळीच होती. अहवाल यायला वेळ लागणार होता. तोवर त्याच हातांनी भरलेल्या बाटल्या आणखी कुठे कुठे गेल्या असतील? लग्नसराई तोंडावर होती.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात एका बाईंचा फोन आला. ठाणे अंमलदाराने घेतला. बाई म्हणाल्या, "त्या बारमधली बियर मी पंधरवड्यापूर्वी चाखली होती. मला काही सांगायचं आहे." असल्या फोनवर टेबलावर हशा पिकायला वेळ लागत नाही. आमचा अंमलदार हसला नाही. त्याने नाव-पत्ता नीट विचारून घेतला आणि फोन माझ्याकडे दिला. त्या साध्या शहाणपणाबद्दल मी त्याचा आजही आभारी आहे.

दुपारी त्या आल्या. तिशीतल्या, सोबत सासूबाई. बाईंचं माहेर अमरावती. अन्नतंत्रज्ञान शिकून पुण्याच्या एका लहान बियर कारखान्यात दर्जा तपासायच्या कामाला होत्या. लग्नानंतर अकोल्यात आल्या, तरी महिन्यातले काही दिवस पुण्याला जात. स्पर्धांमध्ये परीक्षक म्हणूनही त्यांना बोलावत. समोर प्रकाराप्रकाराच्या बियर येतात. रंग, फेस, वास, चव आणि तोंडात राहणारा भार पाहून प्रत्येकीला गुण द्यायचे. शेजारपाजारी मात्र घरच्यांनी सांगितलं होतं की सून खाद्यपदार्थांच्या कंपनीत आहे.

"नवऱ्यासोबत जेवायला गेले होते," त्या म्हणाल्या. "आपल्या गावात क्राफ्ट बियर मिळते म्हणून आनंद झाला. चारही मागवल्या, एकेक घोट घेऊन पाहिला. चौथ्या घोटाला थुंकले."

"का?"

"साहेब, गव्हाच्या बियरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. केळं-लवंग कोणी घालत नाही, तो यीस्टमधून येतो. इथे तो नव्हताच. काळ्या बियरला करपलेल्या दाण्यांचा, कॉफीसारखा वास पाहिजे, कारण त्यात जव भाजून घालतात. या काळीला नुसता रंग होता. साखर जाळून केलेला. संत्र्याचीला गोळीसारखं एसेन्स. कडूला कडूपणा होता, पण तो ज्या हॉप्सच्या फुलांतून येतो त्यांचा वास नाही. वरचं सगळं काढून टाका, खाली चारही बाटल्यांत एकच बियर होती. स्वस्तातली स्ट्राँग बियर, पाणी घालून वाढवलेली, आणि वरून काहीतरी घालून पुन्हा तेज केलेली."

"कोणाला सांगितलं?"

"मालकाला. तो म्हणाला, ताई, बाटली कंपनीची हाये, तुमाले काय समजते त्यातलं. ज्या अ‍ॅपवर आम्ही बियर चाखणारे गुण देतो तिथे सगळ्यात कमी गुण देऊन कारण लिहिलं. लोकांनी तिथेही वेड्यात काढलं."

मी विचारलं, आणखी काही आठवतं का? त्या थोडा वेळ डोळे मिटून बसल्या.

"चारहीमध्ये एक गोष्ट होती जी मला ओळखता आली नाही. आधी तिखट. मिरीसारखं, पण मिरी नाही. सुंठही नाही. मग जिभेचं टोक बधिर झालं आणि मागाहून जरा गोडसर. अगदी थोडं. मुद्दाम घातलेलं वाटलं नाही. भांड्याला आधीचं काही लागलेलं असावं तसं."

माझं बालपण अंजनगाव सुर्जीत मामाच्या घरी गेलं. मामाचा पानपिंपरीचा मळा होता. पिंपरी म्हणजे वेलीला लागणारं बोटाच्या पेराएवढं फळ. ते वाळवून औषधांसाठी विकतात. आम्ही पोरं पैज लावून ते चावायचो आणि बधिर जिभेने बोबडं बोलत हसायचो. बाईंचं वाक्य संपेपर्यंत माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

मी लगेच हवालदाराला काष्ठौषधीच्या दुकानात पाठवून निरनिराळ्या पुड्या मागवल्या. मिरी, सुंठ, अक्कलकारा, पिंपरी. कशात काय आहे ते बाईंना सांगितलं नाही. सीलबंद मुद्देमालाला हात लावायचा प्रश्नच नव्हता, आणि कोणाला तो चाखू देणं तर शक्यच नव्हतं. त्यांनी पाण्याने चूळ भरत एकेक जिभेवर ठेवलं. पिंपरीशी थांबल्या. पुन्हा एक तुकडा चावला.

"हीच," त्या म्हणाल्या. "काय आहे हे?"

अमरावतीची मुलगी असूनही पिंपरी त्यांनी कधी खाल्ली नव्हती. चव त्यांच्याकडे होती, नाव माझ्याकडे.

आता जबाब नोंदवायचा होता. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "ताई, सही केली की तुम्ही साक्षीदार. कोर्टात यावं लागेल. काय काम करता ते सगळ्या गावाला कळेल." त्यांनी मान खाली घातली. आतापर्यंत गप्प बसलेल्या सासूबाई पदर सावरून पुढे सरकल्या.

"लिवा साहेब. माह्या सुनेले बियर समजते, तं समजते. त्यात लाजाचं काय हाये? तिकडं एका मानसाचे डोये जाऊन राहिले, अन आमी लोकाईच्या तोंडाले भेवाचं काहून?"

सुनेने सही केली. सासूबाईंनी ती वाकून पाहिली, मग म्हणाल्या, "आता चहा सांगा." तो चहा मी स्वतः पुढे केला.

आमच्याकडे पिंपरी अंजनगाव, अकोट, तेल्हारा या पट्ट्यातच पिकते. आणि पिंपरीचा अर्क काढायला स्पिरिट लागतं. दोन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात अशा जागा मोजक्या. मामाच्या ओळखीचा एक जुना पिंपरी व्यापारी होता, त्याला मी साध्या कपड्यांत जाऊन भेटलो.

तो म्हणाला, "अर्क काढाले एकानं शेड घेतलं व्हतं, रस्त्याच्या आंगानं. हंगाम गेला, पिंपरी घेनं बंद झालं त्याचं. पन गाडी रोज येते अन जाते. काय नेते काय मालूम."

हद्द अमरावती ग्रामीणची. तिथल्या अधिकाऱ्यांना कळवलं, राज्य उत्पादन शुल्कच्या पथकाला सोबत घेतलं आणि भर दुपारी शेडवर छापा घातला. आत पिंपरीच्या अर्काची जुनी पिंपं, त्यांतच कालवलेली बियर, बुचं बसवायचं यंत्र, एका खऱ्या कंपनीच्या नक्कल केलेल्या रंगीत लेबलांचे गठ्ठे आणि भिंतीला लावून रचलेले भरलेले खोके. ते त्याच संध्याकाळी अमरावतीला एका लग्नाच्या मेजवानीसाठी निघणार होते. मी ते खोके एकेक करून मोजले. एकेका खोक्यामागे मला ते मास्तर दिसत होते.

शेडचा मालक शिकलेला, शांत माणूस होता. चौकशीत त्याने सगळं झटकून टाकलं. "मी अर्काचा व्यापारी आहे. शेड भाड्याने दिलं होतं. आत कोण काय करायचं, मला माहीत नाही." आवाज वाढवून अशी माणसं बोलत नाहीत. मी लेबलं जुळवण्यासाठी परवान्याच्या दुकानातून त्याच कंपनीची खरी काळी बियर आणवून ठेवली होती. ती बाटली त्याच्यासमोर उघडली, पेल्यात ओतली आणि टेबलावर त्याच्या बाजूला सरकवली. ती खरी आहे, हे मी सांगितलं नाही.

तो पेल्याकडे पाहत राहिला. मग त्याने खुर्ची मागे ओढली.

"तुम्हाला आत काय असतं ते माहीत नाही ना?" मी विचारलं. "मग मागे का सरकलात?"

त्याने पेला दूर सारला आणि बोलू लागला. आधीचं स्पिरिट संपलं होतं. नवीन पिंप स्वस्तात मिळालं, कारखान्यात वापरायच्या स्पिरिटचं. "वास वेगळा होता," तो म्हणाला. "कळलं होतं मला. वाटलं, थोडंच तर घालतोय."

पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण त्याने ते पिंप कुठून आणलं ते दाखवलं, बाकीचा माल कुठे ठेवला होता तेही दाखवलं. अहवाल आला, तेव्हा मास्तरांच्या टेबलावरच्या बाटलीत आणि शेडमधल्या पिंपात तेच विषारी अल्कोहोल निघालं. बाटल्यांमध्ये पिंपरीचा अंशही सापडला. बारमालकावर विनापरवाना मालाचा वेगळा खटला झाला आणि ते रास्तच होतं. विष दिल्याचा ठपका मात्र त्याच्यावरून गेला.

खटल्यात बचाव पक्षाच्या वकिलाने बाईंना आडवं घेतलं. "म्हणजे तुम्ही बियर पिता?" कोर्टात खसखस पिकली.

"हो," बाई म्हणाल्या. "परीक्षण करताना गिळावी लागते. कडूपणा घशाशी कळतो. तुमच्या अशिलाची मात्र मी थुंकली, म्हणून आज इथे उभी आहे."

न्यायाधीशांनी वकिलांना पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं.

आरोपीला शिक्षा झाली. या कामाबद्दल मला वरिष्ठांकडून शाबासकी मिळाली. ती घेताना संकोच वाटला, कारण तपासाची वाट मला दोन बायकांनी दाखवली होती. नोकरीभर आम्ही 'काय पाहिलंत?' असंच विचारत आलो. त्यानंतर उरलेल्या नोकरीत मी साक्षीदाराला वास, चव, आवाज याबद्दलही विचारू लागलो आणि हाताखालच्या मुलांनाही ती सवय लावली. त्याहून मोठी शिकवण ही की माहिती असलेली माणसं गावात पुष्कळ असतात. ती ठाण्याची पायरी चढतात की नाही, हे त्यांच्या पाठीशी घरात कोण उभं आहे आणि ठाण्यात समोर कोण बसलं आहे, यावर ठरतं.

निकालाच्या दिवशी मास्तर कोर्टात आले होते. त्यांची नजर पुष्कळशी परतली होती. कडेचं जरा अंधुक दिसे, पण फळ्यावर लिहू लागले होते. बाई सासूबाईंसोबत ओसरीत उभ्या होत्या. मी ओळख करून दिली. मास्तरांनी हात जोडले, आणि काही न बोलता बाईंच्या चेहऱ्याकडे पाहतच राहिले. इतका वेळ, की बाई अवघडल्या.

"काही बोलायचं आहे का, सर?" त्यांनी विचारलं.

"नाई," मास्तर म्हणाले. "मले फक्त तुमाले पाहाचं व्हतं."