पहिल्या वर्गातले मामा

“तुमी सांगताल तसं,” हे मामांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणायचे आणि खांद्यावरच्या टॉवेलनं खुर्ची पुसून तिच्या कडेवर बसायचे. खुर्ची स्वच्छच असायची. तरी मागावरून उठून आल्यावर अंगाला चिकटलेला कापूस आपल्यामुळे तिला लागेल, ही त्यांची धास्ती.

भवानी पेठेत माझं विमान-तिकिटांचं छोटं ऑफिस आहे. मामा मागच्या गल्लीत यंत्रमागावर टॉवेल विणायचे. घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. बायको लवकर गेली. एकुलती मुलगी त्यांनी एकट्यानं वाढवली, शिकवली, अमेरिकेत दिली. व्हिसाचे कागद भरायला ते माझ्याकडे यायचे. सही कुठं करायची तिथं मी बोट ठेवल्याशिवाय पेन टेकवायचे नाहीत, आणि ठेवलं की बोट काढायच्या आत सही तयार. असा सांगाल ते ऐकणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपण त्याला हसतो आणि त्याच्या जिवावर शहाणे होतो.

मुलीच्या बाळंतपणाला जायचं म्हणून व्हिसा आलेलाच होता. पण दिवस भरायच्या आधीच ती बाळंत झाली. मुलगा वाचला, तिचा रक्तस्राव थांबेना. जावई फोनवर रडत म्हणाला, असाल तसे निघा. दुसऱ्या दिवशीच्या विमानात एकच जागा उरली होती, पहिल्या वर्गात. ती त्यानं तिकडूनच घेतली. मामा ऑफिसात आले ते उभेच राहिले.

मी तिकीट छापलं, कुठं उभं राहायचं, काय दाखवायचं ते समजावलं. शेवटी म्हणालो, “विमानात बसलात की फोन बंद. उतरेपर्यंत चालू करायचा नाही.”

“तुमी सांगताल तसं.”

तिकिटाच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की या वर्गातल्या प्रवाशांना विमानात इंटरनेट मोफत. मी ते वाचलं होतं. मामांना ते कशाला, त्यांना काही जमायचं नाही, असं मीच ठरवून टाकलं.

दोन महिन्यांनी ते परत आले आणि स्वतःहून प्रवासाचं सांगत बसले. त्यांच्या जागेला सरकतं दार होतं. दार आलं म्हणजे घर आलं, म्हणून त्यांनी चपला बाहेर काढल्या. हवाईसुंदरीनं त्या आत आणून ठेवल्या, यांनी परत बाहेर ठेवल्या. असं तीनदा झालं. तिनं गादी अंथरून दिली, पण लेकीचं तोंड बघेपर्यंत पाठ टेकायची नाही असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्या मऊ गादीवर चौदा तास मांडी घालून बसले. तोंड पुसायला गरम नॅपकिन दिला, तो सवयीनं उलटून पाहिला. वीण बरी होती म्हणाले. मी हसलो, तेही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

ते आकाशात असतानाच मुलगी गेली. त्याआधी तासभर शुद्धीवर होती, नायना, म्हणजे बाबा, कुठंपर्यंत आले, असं विचारत होती. जावई सारखा व्हिडिओ कॉल लावत होता. फोन बंद.

“पलीकडचा साहेब लेकराशी बोलत व्हता की, फोनवर,” मामा खाली बघत म्हणाले. “म्या म्हणलं, त्याचा फोन भारी असंल.” मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “आपल्या फोनला लागत नसतंय न्हवं तितं?”

खरं अगदी ओठांवर आलं होतं.

“नाही मामा,” मी म्हणालो. “तुमच्या फोनला नसतं लागलं.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. “मग बरं. मला वाटलं, माजीच काय चूक झाली.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “साहेब, तुमी व्हता म्हणून निदान मातीला तरी पोचलो.”

त्या वर्षातच मामा गेले. नातू तिकडे वाढतोय. खरं ज्याला सांगायचं तो माणूस उरला नाही, म्हणून तुमच्यापुढे बोलतोय. आता मी प्रत्येकाला तिकिटाची सगळी पानं वाचून दाखवतो. त्याचा मामांना काय उपयोग?

त्यांच्या गल्लीतली माणसं अजून येतात. कुणाची मुलगी परदेशात, कुणाचा मुलगा. बसता बसता सांगतात, “मामानं सांगून ठेवलंय, हितंच जावा म्हणून. साहेब सगळं नीट सांगत्यात.”