गॉझवरची गुठळी

पांढऱ्या गॉझवर ठेवलेली गुठळी तांदळाच्या दाण्याएवढीच दिसते. पक्षाघात झालेल्या माणसाच्या मेंदूतून ती ओढून काढली, की आम्ही डॉक्टर तिचा फोटो ग्रुपवर टाकतो. काल मीही टाकला. "एका खेपेत काढलीत, सर," अशा शाबासक्या आल्या. नंतर मशीनच्या पडद्यावर दिसलं, तिचा एक तुकडा सुटून पुढच्या रक्तवाहिनीत अडकला होता. तो मला काढता आला नाही. बाहेर पेशंटच्या बायकोने विचारलं, "निघाली ना हो गाठ?" मी तिला फोटो दाखवला. निघालेलं दाखवायचं आणि राहिलेलं गिळायचं, ही सवय मला कधी लागली? आज पेशंट बोलायला गेले, तर नुसती लाळ गळली. ती पदराने पुसत बाई म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून वाचले." मला शिसारी आली, माझ्याच खिशातल्या फोनची.