आधी माझी झडती

जमादार छाप्याला गेले की उंबऱ्याबाहेर थांबायचे, पँटचे दोन्ही खिसे उलटे करायचे आणि घरमालकाला म्हणायचे, "आधी माझी झडती घ्या." आत नशेच्या गोळ्या आहेत, कोण कुठून पळेल म्हणून आमचा जीव टांगणीला, आणि हे आपले हात वर करून उभे. मी पथकात नवी होते. मनात म्हणायचे, घ्या, आता आरतीच ओवाळा यांची.

पोलिसानं आधी स्वतःची झडती द्यावी ही रीत आम्हा सगळ्यांना ठाऊक. पण बरेच जण पंचनाम्यात तसं लिहून मोकळे होतात. जमादारांचे खिसे मात्र प्रत्येक दारात उलटे व्हायचे. रुमाल, बडीशेपची पुडी, घराची किल्ली. एकदा मी कुरकुरले तर म्हणाले, "पोरी, उद्या तो म्हणंल पोलिसानीच माल ठेवला. मग?"

"मग वकील बघतील."

"वकिलाचं सोड. त्याच्या मायला काय तोंड दाखवायचं?"

माणूस कमी बोलणारा आणि चहा लई पिणारा. चौथा कप झाला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. त्या दुपारी पाचवा चालू होता. पडेगावच्या बहिणीचा फोन आला होता, असं त्यांनी मला गाडीत सांगितलं. तिच्या मुलाची शेंद्र्याच्या कारखान्यातली नोकरी गेली होती. तो 'बटन' खायला लागला. नशेच्या गोळ्यांना आमच्याकडं बटनच म्हणतात. आता विकायलाही लागला होता. बहीण म्हणाली होती, "दादा, त्याला धरून ने. आत ऱ्हाईल तर जित्ता तरी ऱ्हाईल."

घर बहिणीचं आहे हे त्यांनी साहेबांपासून लपवलं नाही. साहेब म्हणाले, "मग तुम्हीच चला. दार तुमच्याच हाकेला उघडेल."

मी मागच्या दाराला होते. पुढं हाक ऐकू आली आणि भाचा भिंतीवर चढला. मी त्याचा पाय धरला. त्यानं लाथ घातली, माझा ओठ फुटला, पण पाय काही मी सोडला नाही. गोळ्या गव्हाच्या कोठीत सापडल्या. पंचनामा नेहमीसारखा झाला, नेहमीच्या वाक्यांसकट.

कोर्टात भाच्याच्या वकिलानं जमादारांना नेमकं तेच विचारलं. घरात शिरण्याआधी झडती दिली होती का? साहेब हो म्हणून गेले होते, पंचही हो म्हणाले होते. मी मागच्या दाराला, त्यामुळं मला कुणी विचारलंच नव्हतं. बहीण बाकावर पदर तोंडाला लावून बसली होती. जमादारांनी एकदा तिच्याकडं पाहिलं.

"नाय दिली," ते म्हणाले.

"का?"

"बहिणीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. चपला काढल्या अन् भाऊ म्हणून आत गेलो. ध्यानातच आलं नाय."

संशयाचा फायदा मिळून भाचा सुटला. मामानं भाच्याला सोडवलं, असं ऑफिसात सगळे बोलू लागले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण कुणाकुणाचं तोंड धरणार? कोर्टाच्या व्हरांड्यात बहीण त्यांना एवढंच म्हणाली, "एक खोटं बोलला असतास दादा, तर पोरगं वाचलं असतं." जमादार तिच्यापुढं मान खाली घालून उभे राहिले. त्यांचा मला इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही.

निवृत्त झाल्यावर ते पडेगावला बहिणीकडंच राहायला गेले. खाट दारातच टाकली. भाचा संध्याकाळी आला की हे उठायचे, हात वर करायचे. "घे, आधी माझी." मग त्याची. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्यांच्या कपाळाला पट्टी होती. भाच्यानं ढकललं होतं. मी म्हटलं, "व्यसनमुक्ती केंद्रात टाका की."

"टाकलं होतं. दोनदा पळाला. इथून नाय पळत."

पुढच्या खेपेला गेले तेव्हा तो तोंड वाकडं करत मामाचे खिसे चाचपत होता. मग न सांगता त्यानं स्वतःचेही उलटे केले.

गेल्या हिवाळ्यात जमादार गेले. बंदोबस्त होता, मातीला मला पोहोचता आलं नाही, ही रुखरुख जायची नाही. आठवड्यानं मी गेले तर खाट तिथंच होती, रिकामी. दिवेलागणीला भाचा कामावरून आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. आत येईना.

"आठ दिवस झाले, रोज असाच थांबतो," बहीण मला म्हणाली. "माझ्यानं त्याचे खिसे बघवत नाहीत, बाई. काय सापडलं तर?"

मी उठले. उंबऱ्याशी जाऊन पर्स खाटेवर उपडी केली, जीन्सचे खिसे बाहेर काढले. "बघ," मी म्हटलं. "आधी माझी."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. याच बाईनं आपला पाय धरला होता, हे त्याला आठवत असणारच. खाटेवरच्या वस्तू त्यानं एकेक करून नीट पाहिल्या. मग स्वतःचे खिसे उलटे केले. रुमाल, बडीशेपची पुडी, घराची किल्ली. दुसरं काही नव्हतं. मी बाजूला झाले आणि तो आत गेला.