जबलला चालवू नका

फौजेतून निवृत्त झालो तेव्हा माझा रँक दफेदार होता आणि काम एकच येत होतं, घोडे आणि खेचरं सांभाळणं. पुढचं पोस्टिंग मी स्वतःच पत्करलं. ठिकाण वफ्रा, कुवेतच्या दक्षिण टोकाला. कमांडिंग ऑफिसर म्हणजे शेताचा मालक, अबू फहद. दिलदार माणूस, वयाने माझ्याच बरोबरीचा. शेतावर खजूर, काकडीची ग्रीनहाऊस, काही अरबी घोडे, आणि जबल.

जबल म्हणजे डोंगर. तो शायर जातीचा घोडा, विलायतेत नांगर आणि मालाचे गाडे ओढणाऱ्यांच्या वंशातला. तुम्हा सिव्हिलियन लोकांना घोडा म्हटलं की वरातीतलं घोडं आठवतं, म्हणून सांगतो. मी काही बुटका नाही, पण जबलची पाठ माझ्या डोक्याच्या वर. वजन टनाच्या आसपास. खूर जेवणाच्या ताटाएवढा. गुडघ्याखाली पांढऱ्या लांब केसांची झालर. एवढा देह, पण स्वभाव गरीब. माझ्या खिशात गाजर आहे का, हे तो आधी हुंगून बघे आणि नसलं तर खिसाच चावे.

असा थंड मुलखातला प्राणी वफ्र्याच्या उन्हात आणणं हा शुद्ध अडाणीपणा होता. तसं मी अबू फहदला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तो हसला आणि तबेल्यात आणखी एक कूलर लावून दिला. मग मी माझी स्टँडिंग ऑर्डर काढली. गाडी ओढायचं काम फक्त सूर्य वर येण्याआधी. पाणी पहिलं, दाणा नंतर. चारा गव्हाणीतच, जमिनीवर टाकला की पोटात वाळू जाते. पायाची झालर धुतली की कातडीपर्यंत कोरडी करायची, नाहीतर आत किडे होतात आणि जनावर रात्रंदिवस पाय आपटत राहतं. आणि शेवटची, सगळ्यांत महत्त्वाची ऑर्डर: काम नाही तर दाणा अर्धा.

याचं कारण असं. भारी घोडा उभा राहून पोटभर दाणा खात राहिला, तर ती ताकद त्याच्या पुठ्ठ्यात साठते. मग एकदम कामाला जुंपला की मागचे स्नायू लाकडासारखे कडक होतात आणि आतल्या आत फाटू लागतात. इंग्रजांच्या काळात याला सोमवारचा आजार म्हणत, कारण रविवारी सुट्टी आणि सोमवारी काम. यावर इलाज एकच. जिथे अंग आखडलं तिथेच उभा ठेवायचा.

त्या उन्हाळ्यात धुळीचं वादळ बसलं ते उठेचना. जबल आत बंद. मी जव अर्धे केले. पण संध्याकाळी अबू फहदच्या दिवाणियात, म्हणजे बैठकीच्या दालनात, पाहुणे जमत, आणि प्रत्येक जण ओंजळभर जव, मूठभर खजूर घेऊन जबलकडे येई. दारात उभा असलेला जीव उपाशी ठेवायचा नाही, ही त्या लोकांची रीत. मी मोडक्या हिंदीत हरकत घेतली; शेतावर सगळ्यांना कळणारी भाषा तीच.

"सर, काम नहीं, तो दाना आधा."

"दफेदार, धूल में बंद किया. अब भूखा भी रखूँ?"

माया करणाऱ्या माणसाला ऑर्डर देता येत नाही. शत्रू परवडला.

वादळ निवळलं त्या सकाळी मी दूर कुवेत शहराकडे, शुवैखच्या कारखान्यांच्या भागात होतो. जबलच्या मापाची नाल बाजारात मिळत नाही. तिथे एका वर्कशॉपमध्ये रत्नागिरीचा इस्माईल लोहारकाम करतो, तो माझ्यासाठी घडवून देई. चौथी नाल भट्टीत होती.

"अवो दफेदार, ही घोड्याची नाल की गलबताची?" तो म्हणाला. "एकदा बघायला हवा तुमचा हत्ती."

तेवढ्यात सलामाचा फोन आला. घणाच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून मी बाहेर आलो. सलामा आमचा मिसरी साईस, म्हणजे मोतद्दार, जन्मभर अरबी घोड्यांत वाढलेला, कामाचा चोख.

"दफेदार, जबल को पेट दर्द. बहुत पसीना."

"काम किया?"

"बाबा बोला, हवा साफ, गाडी लगाओ. थोडा चला, फिर रुक गया."

"पीछे हाथ लगा. सख्त है?"

वाळूत त्याची पावलं वाजली. मग, "पत्थर."

"रुको. एक कदम नहीं. सुना? एक कदम नहीं."

बाबा म्हणजे मालक. फोन अबू फहदनेच घेतला. अरबी घोड्याचं पोट दुखलं की त्याला बसू देत नाहीत, फिरवतात. बसून लोळला तर आतडं पिळतं. हे तिथे प्रत्येकाला बापजाद्यांपासून ठाऊक. आणि पोटदुखीसाठी ते बरोबरही आहे. पण हे पोट नव्हतं.

"बैठेगा तो मरेगा," तो म्हणाला.

"सर, चलेगा तो मरेगा."

फोन बंद झाला. पुन्हा लावला, कुणी उचलला नाही. त्यांचे हात लगामाला होते. चौथी नाल पाण्यात विझवून घेतली, इस्माईलला काही न सांगता चारही पिकअपमध्ये टाकल्या आणि निघालो. फहाहीलच्या पुढे रस्ता मोकळा होता, तरी संपत नव्हता.

पोचलो तेव्हा जबल रिंगणात आडवा होता. वाळूत त्याच्या खुरांचे गोल गोल माग. पुढून ओढलं होतं, मागून ढकललं होतं, आणि तो गरीब जीव माणसं सांगतात म्हणून चालला होता. लघवी सुलेमानी चहासारखी काळी, फाटलेल्या स्नायूंची. जनावरांचे डॉक्टर आले, सलाईन लावली, माझ्याकडे बघून मान हलवली. आम्ही शॉवेलला, म्हणजे माती उचलायच्या मशीनला, पट्टे बांधून त्याला उचलायचा प्रयत्न केला. एवढा देह आडवा पडला की स्वतःच्याच वजनाखाली चिरडतो. त्याने एकदा माझा खिसा हुंगला. त्यात काही नव्हतं. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानीआधी तो गेला.

अबू फहद वाळूत बसून लहान मुलासारखा रडत होता. मला त्याचा राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडेना.

युनिटमध्ये माझं तारा नावाचं खेचर होतं. रेशन घेऊन चढताना बर्फाच्या कड्यावरून खाली गेलं. तेव्हा नियम असा, मेलेल्या जनावराचा नंबर डागलेला खूर कापून जमा करायचा. मी दोर लावून उतरलो आणि तो आणला. त्यानंतर कित्येक दिवस मला जेवण जात नव्हतं.

जबलचा खूर कुणी मागितला नाही. खजुरांमागे शॉवेल खड्डा काढत होतं तोवर मी त्याच्या झिजलेल्या नाला काढल्या, खूर तासले आणि नव्या ठोकल्या. चारही. सलामाने पाय उचलून धरले.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या गव्हाणीपाशी होतो तेव्हा इस्माईलचा फोन आला.

"दफेदार, नाल बसली काय?"

"बसली. चारही."

"मग? चालतो कसा?"

मी गव्हाणीतली धूळ हाताने पुसली.

"चालवला रे त्याला," मी म्हणालो. "फार चालवला."