यादीतल्या दोन ओळी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि जिच्याशी दर शनिवारी तासभर फोनवर बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. तुला का सांगतेय, ते मलाच नीट माहीत नाही. कदाचित तू खरातांना कधी पाहिलेलं नाहीस म्हणून.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अंधेरीला आमच्या कंपनीची सर्व्हर रूम आहे. थंडगार खोली, रांगेने उभे मोठे सर्व्हर. त्यांना आम्ही होस्ट म्हणतो, कारण एकेकाच्या पोटात वीस-पंचवीस आभासी मशीनं नांदत असतात. गिऱ्हाईकाला वाटतं, आपला सर्व्हर वेगळा आहे. खरं तर सगळे एकाच खोक्यात. या खोक्यांत नेमकं काय बसवलंय – किती डिस्क, कुठला सीरियल नंबर – याची यादी मोहन खरात हाताने करायचे. आमचे हार्डवेअर टेक्निशियन, पन्नाशीचे. टॉर्च घेऊन, गुडघ्यांवर बसून लेबलं वाचायचे. त्यांना चार दिवस लागत. मी एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे छोटा प्रोग्रॅम. ती एकेका होस्टला विचारत जायची आणि मिळालेलं उत्तर शीटमध्ये लिहायची. काही मिनिटांत काम खलास.

ती दाखवताना मी मीटिंगमध्ये काय म्हणाले, माहितेय? म्हणाले, माणसाचा हात लागला की चूक होते, स्क्रिप्टचं तसं नसतं. सगळे हसले. खरातही हसले. माझे गुडघे वाचवलेत मॅडम, म्हणाले. त्या स्क्रिप्टवर मी टीम लीड झाले, आणि मला ते अगदी योग्यच वाटलं.

सहा महिन्यांनी ऑडिट आलं. स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली. एकोणीस आणि वीस नंबरच्या होस्टमध्ये आधीच्या यादीत आठ-आठ डिस्क होत्या. आता चार-चार. हे दोन्ही होस्ट आमच्या बंद झालेल्या पवईच्या ऑफिसातून आलेले, त्यांचे जुने कागद कुणाकडेच नव्हते. जे काय होतं ते माझ्या यादीत. आणि डिस्क म्हणजे टेबल-खुर्ची नव्हे, तिच्यात गिऱ्हाइकांचा डेटा असतो. खोलीची चावी खरातांकडे, बिघडलेल्या डिस्क काढून बदलायला पाठवणारेही तेच. आमचे मॅनेजर देसाई सर, त्यांनी दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा घेतलं नाही. चार वाजता मीटिंग ठेवली.

जेवणानंतर खरात माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, डिस्क बसवायच्या त्या खाचा पहिल्यापासून रिकाम्याच होत्या असं मला आठवतंय. ती जुनी यादी एकदा बघता का? काहीतरी गडबड असेल."

मी बघितली. हे मला सांगितलंच पाहिजे – मी खरंच बघितली. शीट उघडली आणि उजवीकडे सरकवत गेले, पार शेवटच्या रकान्यापर्यंत. तिथे डिस्कचे सीरियल नंबर असतात. इतक्या लांब कोण जातं? मी स्वतः सहा महिन्यांत गेले नव्हते. अठरा नंबरच्या ओळीत आठ सीरियल नंबर. एकोणीसच्या ओळीत तेच आठ. वीसच्या ओळीत – तेच. एक डिस्क तीन खोक्यांत कशी असेल?

मग उलगडलं. पहिल्या वेळी ते दोन होस्ट अजून नेटवर्कला जोडलेच नव्हते, त्यांनी उत्तरच दिलं नव्हतं. आणि नवीन होस्टला विचारण्याआधी मागच्याचं उत्तर पुसून टाक, असं सांगणारी एक ओळ लिहायची मी विसरले होते. म्हणून स्क्रिप्टने अठराचं उत्तर एकोणीससमोर लिहिलं आणि वीससमोरही. चोरी झालीच नव्हती. त्या आठ डिस्क कधी नव्हत्याच.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. खरं बोलायला माणसाला असा किती वेळ लागतो? देसाई सरांची केबिन माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. जायचं आणि म्हणायचं, चूक माझी आहे. मी उठले. केबिनच्या काचेपर्यंत गेले. आत ते फोनवर होते. मी पाण्याची बाटली भरून परत आले.

आणि मग – आता सांगतेच. मग मी ती राहिलेली ओळ लिहिली. बदलाच्या नोंदीत टाकलं, किरकोळ साफसफाई. जुन्या शीटमधला सीरियल नंबरांचा रकाना काढून टाकला आणि शीट सेव्ह केली. घाबरून केलं असं म्हणायची सोय नाही. मी अगदी व्यवस्थित काम करत होते.

पावणेचारला खरात परत आले. टेबलाशी उभे राहिले. मी म्हणाले, दोनदा बघितली, यादी बरोबर आहे.

तो माणूस माझ्याशी भांडला असता तर? काय झालं असतं कोण जाणे. पण ते भांडले नाहीत. "तुम्ही दोनदा बघितलीत म्हणजे झालं," म्हणाले. "मग मीच बदलायला काढल्या असतील आणि नोंद राहिली असेल. पण मला आठवत कसं नाही?"

मीटिंगमध्येही त्यांनी हेच सांगितलं, आणि सगळ्यांनी तो गुन्ह्याचा कबुलीजबाब धरला. पोलिसांत जात नाही हे उपकार समजा, असं त्यांना ऐकवलं गेलं. त्यांनी राजीनामा लिहिला. मी समोर बसले होते. राजीनाम्यावर तारीख घालायला त्यांनी माझंच पेन मागितलं.

याला सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मुलुंडच्या भाजी मार्केटात ते दिसले, बायकोबरोबर. मी तोंड फिरवणार तेवढ्यात त्यांनी हाक मारली. बायकोला सांगितलं, "ह्याच त्या मॅडम. तेव्हा एकट्या ह्यांनीच माझ्यासाठी यादी दोनदा तपासली होती." मला वाटलं, टोमणा असेल. नव्हता. ते मनापासून बोलत होते.

ते पलीकडे कांदे निवडायला गेले तेव्हा बायको हळू आवाजात म्हणाली, "नोकरी गेली तेव्हापासून ह्यांचा स्वतःवर भरवसाच राहिला नाही हो ताई. गॅस बंद केलाय का बघायला तीन-तीनदा जातात. घराची चावी जवळ ठेवत नाहीत, म्हणतात, मी काय करून बसेन आणि विसरेन. डॉक्टर म्हणतात, काहीही झालेलं नाही. मग हे असं का होतंय?"

ती माझ्याकडे बघत होती. तिला खरंच उत्तर हवं होतं. घाई कुणालाच नव्हती, आणि खरात दहा पावलांवर उभे होते.

मी म्हणाले, होतं हो वहिनी, वयानुसार.