सुनंदाची पात्रता

सुनंदा गेल्याचा फोन तिच्या शेजारच्या कुसुमने केला. "ताई, आपली सुनंदा गेली ओ... सकाळी उठलीच नाय," एवढंच ती बोलू शकली. धाकट्या बहिणीने आधी जावं, हे मला अजून पटलेलं नाही. त्यात अंत्यविधीला तिच्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या गावातल्या शाखेचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, टाय. "सुनंदाबहीण देवापुढे सर्वार्थाने पात्र होत्या," ते म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच शब्द त्यांच्या तोंडून ती जिवंत असताना निघाले असते, तर तिला स्वतःच्या लेकीच्या लग्नात बाहेर बसावं लागलं नसतं.

आमचं माहेर नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतलं. आमचे वडील रविवारी उपासनेला निघण्याआधी दोन कप चहा घ्यायचे, आणि त्यात देवाचा काही अपमान होतो असं आम्हाला कधी वाटलं नाही. नवरा गेल्यावर सुनंदा या पंथाकडे वळली. दारात आलेल्या त्यांच्या दोन प्रचारक पोरींनी तिचं रडणं तासभर ऐकून घेतलं, तेवढा वेळ आम्हा नातेवाइकांकडे नव्हता, हे खरंच. त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. मी चिडवायचे, "येशूने पाण्याचा द्राक्षारस केला गं, तुझ्या लोकांनी चहाचंसुद्धा पाणी केलं." ती हसायची. पण माझ्यासाठी चहापत्तीचा डबा घरात कायम भरलेला. स्वतः घोट न घेता ती कप नाकाशी न्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "आलं कमी पडलंय." कधीही चुकली नाही.

तिच्या लेकीने, लीनाने, त्याच पंथातला मुलगा पसंत केला. भारतात त्यांचं मंदिर अजून उघडलेलं नाही, म्हणून लग्न थायलंडमधल्या त्यांच्या मंदिरात ठरलं. या मंदिरात कुणालाही जाता येत नाही, शिफारसपत्र लागतं, आणि ते मिळवायला आधी बंद खोलीत मुलाखत द्यावी लागते. मुलाखत घेणारे हेच अध्यक्ष. एरवी आठवडाभर दिंडोरी रोडवर ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतात. नळ्या विकण्यात काही कमीपणा नाही. पण कोणाच्या आईने लेकीचं लग्न पाहावं, हे ठरवण्याचं वजन त्यांच्या तराजूत कुणी टाकलं?

मुलाखतीच्या थोडे दिवस आधी कुसुमचा नवरा गेला. ज्या घरात चूल पेटत नाही तिथे शेजारच्यांनी चहा न्यायचा, ही आपली रीत. सुनंदा किटली घेऊन गेली. कुसुमने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ती म्हणाली, "तू घेशील तर मी घेईन, नाय तर राहू दे." सुनंदाने कप उचलला आणि सगळा प्यायली. मग कुसुमही प्यायली.

आणि ही बाई ते मुलाखतीत सांगून आली! मी कपाळावर हात मारला. "अगं, कुणी पाहिलं होतं?"

"ताई, 'तुम्ही खरेपणाने वागता का' हाही त्यांचा एक प्रश्न असतो. त्याला काय सांगू?"

अध्यक्षांनी पश्चात्ताप होतो का, असं विचारलं. ती म्हणाली, "नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा पिईन." शेवटचा प्रश्न, तुम्ही स्वतःला पात्र समजता का? ती म्हणाली, "हो, समजते." त्यावर अध्यक्ष म्हणाले, "बहीण, आपण थोडं थांबू या." आणि शिफारसपत्र अडवलं. अरे, मग विचारलंत कशाला? उत्तर तुमचंच चालवायचं होतं, तर तिच्या तोंडून वदवून कशाला घेतलंत?

लग्नाच्या दिवशी आम्ही दोघी मंदिराबाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी तर बाहेरचीच, मला त्याचं काय! ती आई होती. नवी पैठणी, केसांत नाशिकहून ओल्या रुमालात गुंडाळून आणलेला गजरा... नजर सारखी दाराकडे. लीना बाहेर आली तेव्हा सुनंदा एवढंच म्हणाली, "आत गार होतं का गं?" त्या माणसांना मी माफ केलेलं नाही. तिने केलं असेल, तिचा स्वभावच तसा.

परवा लीना घर आवरायला आली. ओट्याशी माझ्यासाठी चहा टाकता टाकता म्हणाली, "मावशी, वर्ष झालं की मंदिरात आईचे राहिलेले विधी तिच्या वतीने मीच करू शकते. गेलेल्या माणसाची मुलाखत नसते."

म्हणजे बाई मेली की पात्र. चहा पिण्याचा धोका संपला ना! मी काही बोलणार तेवढ्यात कुसुम आली, आणि ओट्याशी सुनंदा नाही हे पाहून दारातच खाली बसली. लीनाने तिच्यासाठी चहा गाळला. कप नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आलं कमी पडलंय." हुबेहूब.

कुसुमने कप परत सरकवला. "नाय जायचा गं घशाखाली. तू घेशील तर घेते."

लीनाने फळीवरून आईचा निळ्या काठाचा कप काढला, विसळला, उरलेला चहा त्यात ओतला आणि कुसुमच्या शेजारी फरशीवर बसून सगळा प्यायली.

तिच्या शिफारसपत्राची मुदत संपत आलीय, नव्यासाठी पुन्हा मुलाखत. विचारतील तेव्हा ती सांगेलच.